लुईसची हवा

एका बाईची टोपी गेले बरेच दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. बाई अमेरिकेतली, साल १८०३, ऑगस्ट संपत आलेला. अमेरिकी सैन्यातला कप्तान मेरिवेदर लुईस पिट्सबर्गहून नाव घेऊन मोहिमेवर निघाला तो दिवस. ओहायो नदीचं पाणी आटलेलं, नाव बांधून देणाऱ्याने दारूच्या पायी काम आठवडेच्या आठवडे रखडवलेलं. एकदाचे ११ जण नावेत बसले आणि तीनेक मैलांवर ब्रुनो बेटापाशी पुन्हा थांबले, कारण तिथे ओळखीपाळखीची मंडळी जमली होती. त्यांनी गळ घातली, तुमची ती हवेची बंदूक दाखवा की! लुईसने बंदूक किनाऱ्यावर आणली, सज्ज केली आणि ५५ यार्डांवर सात गोळ्या झाडल्या. नेम बऱ्यापैकी साधला, असं त्याने स्वतःच रोजनिशीत लिहिलंय. मग बंदूक गेली ब्लेझ सेनास नावाच्या गृहस्थाच्या हातात. त्याला ती कशी हाताळतात ते ठाऊक नव्हतं. बंदूक उडाली, आणि ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी आरपार गेली. जाता जाता तिचं कानशील फाडून गेली. बाई जागीच कोसळली, रक्ताची धार लागली, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मेलीच असं वाटलं. पण मिनिटभरात ती शुद्धीवर आली. जखम पाहिली, तर जिवावरची नव्हती. लुईस लिहितो, आम्हाला झालेलं समाधान शब्दांत सांगता येत नाही. आणि पुढच्याच दमात लिहितो की माणसांना नावेवर बोलावलं आणि निघालो; पुढे पाणी इतकं उथळ होतं की सगळ्यांना उतरून तीसेक यार्ड नाव उचलून न्यावी लागली.

चाप ओढणाऱ्याचं नाव आहे, बेटाचं आहे, खडकाचंसुद्धा आहे. बाईचं नाही.

मिसिसिपीच्या पलीकडचा सगळा मुलूख तुडवून पॅसिफिक महासागराला हात लावून आलेली लुईस आणि त्याचा जोडीदार विल्यम क्लार्क यांची मोहीम म्हणजे अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकातलं सोनेरी पान. त्या मोहिमेच्या रोजनिश्यांची सुरुवात ही अशी आहे. मी तिथे पोचलो होतो वेगळ्याच कारणाने. जुनी यंत्रं, जुनी कुलपं, घड्याळं, हत्यारं यांच्या आतलं काम कसं चालतं हे बघत बसायचा मला नाद आहे, आणि या बंदुकीबद्दल बरंच ऐकलं होतं. हवेची बंदूक म्हटलं की माझ्यासमोर जत्रेतला फुग्यांचा फळा यायचा. रॉकेलच्या दिव्याचा वास, मागे पाळण्याची करकर, नळी कडकन मोडून आत छर्रा घालणारा मालक आणि मग तो कोरडा ‘फट्’. लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही की आवाज बंदुकीचा की फुग्याचा. नेम धरून मारलं तरी छर्रा हमखास डावीकडे जायचा, आणि मालक म्हणायचा, ‘हात हलला तुमचा.’ त्या बंदुकीने कोणाचं डोकं फुटेल असं मनातही आलं नसतं. म्हणून त्या टोपीपाशी अडखळलो असेन.

पण लुईसची बंदूक जत्रेतली नव्हतीच. बार्तोलोमेओ गिरांडोनी नावाच्या टिरोलच्या कारागिराने ती १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनवली होती. दस्त्याच्या जागी लोखंडी पत्र्याची निमुळती टाकी. ती फिरवून काढायची, हातपंपाला लावायची आणि पंप मारत बसायचं. किती वेळा, तर सुमारे १५०० वेळा. मोटारीच्या चाकात आपण तीस-पस्तीसची हवा भरतो. इथे आकडा ८०० च्या आसपास जायचा. कातडी वायसर ओले ठेवायचे, सुकले की हवा गळणार. टाकीचे सांधे ठोकून, झाळून बसवलेले, त्यामुळे प्रत्येक टाकी म्हणजे लोहाराची परीक्षाच. एवढा उपद्व्याप झाला की पुढची गंमत मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारी. नळीच्या अंगाला चिकटलेली दुसरी बारीक नळी, तिच्यात वीस-बावीस गोळ्या एकामागे एक. बंदुकीचं तोंड जरा वर करायचं, बाजूची आडवी पट्टी अंगठ्याने दाबायची, सोडायची. एक गोळी घरंगळत जागेवर. चाप ओढला की टाकीतली हवा नेमकी एका गोळीपुरतीच सुटणार. धूर नाही, जाळ नाही, ठिणगी नाही. आवाज होतो, पण दारूच्या स्फोटापुढे तो काहीच नाही.

हे कशाच्या तुलनेत, ते लक्षात घ्यायला हवं. बाकी सगळ्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, कानात दारू घाला, चकमकीवर भरवसा ठेवा, आणि पाऊस पडत असेल तर देवावर. एक गोळी सुटली की स्वतःच्याच धुरात आपण दिसेनासे. बरोबर त्याच सुमारास, म्हणजे लुईस ओहायोतून वाळूचे उंचवटे चुकवत खाली चालला होता तेव्हा, आपल्याकडे असईच्या मैदानावर शिंद्यांच्या तोफा वेलस्लीच्या फौजेवर धडधडत होत्या. २३ सप्टेंबर १८०३. तिथला धूर आणि तिथलं रक्त आपल्याला पाठ आहे. जगात सगळीकडे युद्ध म्हणजे दारूचा वास असताना एक माणूस वाऱ्याने गोळ्या मारतोय, आणि तेही न थांबता. आजही पहिल्यांदा ऐकताना थाप वाटते.

तेव्हाच्या शहाण्यासुरत्या माणसांनाही नवल वाटलंच. ओहायोच्या काठी व्हीलिंगला टॉमस रॉडनी नावाच्या न्यायाधीशाने ही बंदूक पाहिली आणि आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. नोंद वाचताना हसू येतं. लुईसने १२ गोळ्या भरल्या, एकेक झाडून दाखवतो म्हणाला, आणि पहिलाच बार काढताना सगळी हवा फुस्स! पुन्हा भरली, दोनदा उडाली. मग कुठे गळतंय ते सापडलं, थोडंफार बुजवलं, सातदा उडाली. आणि शेवटी रॉडनी लिहितो की ठाकठीक असली तर ही मिनिटाला २२ वेळा उडते. हा आकडा त्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही, लुईसच्या तोंडून ऐकलेला असणार. प्रात्यक्षिक फसलं की ‘एरवी छान चालतं हो’ म्हणायची पद्धत जुनी आहे तर! गंमत म्हणजे, ही बंदूक नेमकी कुठली यावर अभ्यासकांचा बराच काळ वाद चालला. फिलाडेल्फियाच्या आयझाया ल्यूकन्स या घड्याळजीने केलेली, एका वेळी एकच गोळी मारणारी बंदूक हीच ती, असं पुष्कळांना वाटायचं. रॉडनीच्या या फजितीच्या नोंदीमुळे तराजू गिरांडोनीकडे झुकला. एका बैठकीत सात वेळा उडते ती एकेरी कशी असेल?

लुईसने ही बंदूक स्वतः विकत घेतली होती. जनावरं मारायला बरोबर चांगल्या रायफली होत्या. बारूद नेण्यासाठी शिशाचे ५२ डबे करून घेतले होते. आत चार पौंड दारू, आणि रिकामा झालेला डबा वितळवला की तेवढ्याच दारूला पुरतील इतक्या गोळ्या. ती युक्ती मला हवेच्या बंदुकीपेक्षा अक्कलहुशारीची वाटते. डबे नदीत बुडाले तरी दारू कोरडी राहायची. मग १५०० वेळा पंप मारायला लावणारी, गळकी, नाजूक वस्तू हजारो मैल वाहून न्यायची कशासाठी? उत्तर पहिल्याच दिवशी ब्रुनो बेटावर मिळालं होतं. दाखवण्यासाठी.

मिसुरी नदीने वर जाताना प्रत्येक नव्या जमातीशी भेट झाली की ठरलेला कार्यक्रम असायचा. गणवेशातली कवायत, वॉशिंग्टनला बसलेल्या नव्या ‘बापा’विषयी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाविषयी, लांबलचक भाषण, पदकं, भेटवस्तू, व्हिस्कीचा घोट. आणि मग कप्तान हवेची बंदूक काढणार. ओटो आणि मिसुरिया लोकांपुढे झालं, १८०४ च्या ऑगस्टअखेर यँक्टन सू लोकांपुढे झालं. जोसेफ व्हाइटहाउस या साध्या शिपायाची नोंद मला सगळ्यांत आवडते. लुईसने सांगितलं की हिच्यात दैवी शक्ती आहे, आणि काही गोळ्या झाडल्या. तशी माणसं झाडाकडे धावत सुटली, गोळ्यांची भोकं बघायला. भोकं खरीच आहेत हे दिसल्यावर ओरडली. अगदी सरळ वागणं आहे ते. आवाज नाही, धूर नाही, तर आधी बुंधा तपासू. कप्तानाने ‘दैवी शक्ती’ म्हटलं होतं, ते लोक मात्र पुरावा बघायला गेले. ब्रुनो बेटावरच्या सभ्य मंडळींनी याहून वेगळं काय केलं असतं?

खेळामागचा हिशेब साधा होता. मोहिमेत माणसं मोजकी. तीस-चाळीस बंदुका, भोवती हजारोंच्या वस्त्या. आमच्याकडे अशा किती बंदुका आहेत हे विचारू नका, असं न बोलता सांगायचं होतं. पंप कधी दाखवायचा नाही, टाकी भरताना कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, असा नियम होता का कोण जाणे. पण माणसाला घाम फुटेपर्यंत हवा कोंबताना पाहिलं असतं तर निम्मा दरारा तिथेच ओसरला असता. याच डावपेचातलं एक पान मला उलटवत नाही. १७ ऑगस्ट १८०५, शोशोनी लोकांची भेट. पर्वत ओलांडायला घोडे हवेत आणि ते यांच्याकडेच आहेत. मोहिमेबरोबरच्या सकागाविआला इथे तिचा भाऊ भेटतो, तोच इथला सरदार, कामेआवेत. रोजनिशीत त्या दिवसाचं वर्णन करताना लुईस लिहितो की आमची प्रत्येक गोष्ट बघून त्यांना नवल वाटलं: माणसं, शस्त्रं, होड्या, काळा माणूस यॉर्क आणि माझ्या कुत्र्याची हुशारी. आणि मग मी हवेची बंदूकही उडवली. ती तर त्यांच्या आकलनापलीकडची, म्हणून तिला त्यांनी थोर दैवी शक्ती ठरवलं. यॉर्क हा क्लार्कचा गुलाम. वर्षभरापेक्षा जास्त काळ सगळ्यांच्या बरोबरीने नाव ओढलेला माणूस होड्या आणि कुत्रा यांच्या मधे, मांडलेल्या मालातला एक नग. बंदुकीचं नवल करता करता मी या ओळीवर येतो आणि तिथे मला बंदुकीचा थोडा रागच येतो. रागाला काही अर्थ नाही, लोखंडाचं ते काय चुकलं?

शिवाय हा खेळ दर वेळी लागू पडायचा असंही नाही. २५ सप्टेंबर १८०४ ला बॅड नदीच्या मुखाशी टेटन सू लोकांना नावेवर बोलावून हीच बंदूक उडवून दाखवली होती. मोहिमेतल्या सार्जंट ऑर्डवेने तशी नोंद केली आहे. पाहुण्यांनी बंदूक पाहिली, व्हिस्की घेतली, आणि काठावर पोचल्यावर त्यांच्यातल्या तरुणांनी होडीची दोरी घट्ट धरून ठेवली. आणखी भेटवस्तू दिल्याशिवाय जाऊ देणार नाही. क्लार्कने तलवार उपसली, नावेवरची तोफ वळवली, धनुष्यांवर बाण चढले. ब्लॅक बफेलो या त्यांच्याच सरदाराने दोरी आपल्या हातात घेतली म्हणून वेळ निभावली. वाऱ्याच्या बंदुकीने भारावून जायची सवड त्यांना नव्हती. मिसुरीवरच्या व्यापाराची नाडी त्यांच्या हातात होती आणि ती या उपऱ्यांना सोडायची नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. खेळ बघितला, टाळ्या वाजवल्या असतील, पण दोरी सोडली नाही.

लुईसच्या लेखणीतून बघणाऱ्यांचं नवल तेवढं कळतं. फोर्ट क्लॅटसॉप या हिवाळी छावणीत, पॅसिफिकच्या काठी, पावसाने सगळं कुजत असताना, जानेवारी १८०६ मध्येही तो लिहितो की बारूद नसताना ही इतक्या वेळा कशी उडते हे या लोकांना समजत नाही. समजत नाही, समजत नाही. तेच तेच. म्हणून चार्ल्स मॅकेन्झी या नॉर्थ वेस्ट नावाच्या फर कंपनीच्या व्यापाऱ्याची आठवण हाती लागली तेव्हा मला खिडकी उघडल्यासारखं झालं. १८०४-०५ चा हिवाळा मोहिमेने मँडन आणि हिडाट्सा लोकांच्या शेजारी काढला, तेव्हा तोही त्याच गावांतून फिरत होता. तो लिहितो की एका भरण्यात ४० गोळ्या मारते म्हणून लोकांना हवेच्या बंदुकीचं कौतुक वाटायचं, पण तिच्या मालकांच्या जादूची धास्ती वाटायची. ४०! नळीत मावायच्या २२. गावागावातून तोंडोतोंडी जाताना आकडा जवळजवळ दुप्पट झाला. लुईसला हे कळलं असतं तर तो खूश झाला असता, याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण हिडाट्सांच्या सरदाराचं मतही मॅकेन्झीने टिपून ठेवलंय, आणि ते वाचून कप्तान खूश झाला नसता. सरदार म्हणाला की हे गोरे योद्धे मला वरच्या माळरानात सापडले तर माझी घोड्यावरची पोरं यांना लांडग्यांसारखं लोळवतील. यांच्यात शहाणी माणसं दोनच आहेत: लोखंडाचं काम करणारा आणि बंदुका दुरुस्त करणारा.

हे वाक्य वाचल्यापासून मी मोहिमेकडे बघतो ती वेगळ्याच बाजूने. त्या हिवाळ्यात पोटाला काय खायचं हा प्रश्न होता. मका होता शेजारच्या बायकांकडे, त्यांनी पिकवलेला, साठवलेला. तो मिळवला लोहारांनी. गावकरी कुदळी आणायचे, मोडक्या कुऱ्हाडी आणायचे, युद्धाच्या परशूंचे नमुने सांगायचे. भाता चालू, ऐरण चालू, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. जळून निकामी झालेल्या एका लोखंडी शेगडीचा पत्रा कापून चार-चार इंचांचे चौकोन केले, आणि एकेका चौकोनाला सात-आठ गॅलन मका मिळाला. लुईसनेच फेब्रुवारी १८०५ मध्ये हे लिहून ठेवलंय. त्या चौकोनांची बाणांची टोकं आणि कातडं खरवडायची हत्यारं होणार होती. घेणाऱ्याला नक्की माहीत होतं की काय घेतोय आणि कशासाठी. मोहीम त्या हिवाळ्यात तगली ती या मक्यावर.

या लोहारकामातला जॉन शील्ड्स हा मोहिमेत वयाने थोर असलेल्यांपैकी, लग्न झालेला, केंटकीहून आलेला. आणि हवेच्या बंदुकीची मुख्य कमान, म्हणजे स्प्रिंग, मोडली तेव्हा १० जून १८०५ ला, मरायस नदीच्या संगमावर, ती नवी करून बसवली ती त्यानेच. जंगलात, हातात असतील त्या अवजारांनी. ज्याने कमानीचं पोलाद कधी हाताळलंय त्याला यातली अवघड जागा कळेल. तापवून पाणी देताना ते जरा जास्त बसलं तर ताटकन तुटते, कमी बसलं तर मऊ पडते, आणि हिच्यात तर चूक करायला जागाच नाही. त्या दिवशी लुईसने लिहिलं की या माणसाच्या कल्पकतेचे आमच्यावर अनेक प्रसंगी उपकार आहेत. आज पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईलला अमेरिकी लष्कराच्या संग्रहात जी गिरांडोनी बंदूक ठेवली आहे ती लुईसचीच, असं मानणाऱ्यांचा एक आधार म्हणजे तिच्यावरच्या अशाच घरगुती दुरुस्तीच्या खुणा. जिच्या मूळ कारागिराने ऑस्ट्रियात एवढी मेहनत घेतली, तिची ओळख पटवायला शेवटी लोहाराचं ठिगळच कामी यावं, हे मला फार आवडतं. म्हणजे शोशोनींनी ऑगस्टात जिला दैवी म्हटलं ती शील्ड्सच्या कमानीवर उडत होती. त्या भेटीच्या दहाच दिवस आधी तिचा नेमही बिघडलेला होता. कशाचा तरी धक्का लागून नळीवरची नेम धरायची माशी सरकली होती, लुईसने ती पुन्हा जुळवून घेतली. देवत्व टिकवायला बरीच देखभाल लागते.

खऱ्या लढाईच्या तयारीने ती हातात घेतल्याचा एक प्रसंग आहे, आणि तो अगदी परतीच्या वाटेवरचा. ११ ऑगस्ट १८०६. दोन आठवड्यांपूर्वी लुईसची ब्लॅकफीट लोकांशी चकमक झालेली, माणसं मेलेली, मनात धाकधूक. काठावरच्या झुडपांत तो पिएर क्रुझाटबरोबर एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मागावर गेला. क्रुझाट म्हणजे मोहिमेचा फिडलवाला, उत्तम नावाडी, एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याने जवळचंच दिसणारा. कातडी कपड्यांतला कप्तान त्याला एल्क वाटला. गोळी लुईसच्या ढुंगणातून आरपार. हा हल्लाच, असं समजून लुईस लंगडत नावेकडे आला, माणसांना झुडपात पाठवलं, आणि पिस्तूल, रायफल आणि हवेची बंदूक घेऊन बसून राहिला. पळता तर येत नाही, मग जीव महागात विकायचा, असं त्याने ठरवलं होतं. वीस मिनिटांनी माणसं परतली. कोणी शत्रू नव्हता. गोळी तुमानीतच अडकली होती आणि ती आपल्याच रायफलीची आहे हे त्याने ओळखलं. क्रुझाट नाही नाही म्हणत राहिला.

म्हणजे मोहिमेच्या आरंभी हवेच्या बंदुकीने एक आपलं माणूस पाडलं, आणि अखेरीस ती सज्ज झाली तेव्हा समोर आपलाच माणूस होता. मधल्या तीन वर्षांत तिने झाडांना भोकं पाडली. कुणाला वाटेल की मी तिची टिंगल करतोय. तसं नाही. संधी मिळाली तर मी कार्लाईलला जाऊन काचेला नाक लावून तासभर उभा राहीन, आणि ती आडवी पट्टी एकदा दाबू द्या म्हणून तिथल्या माणसाचं डोकं खाईन. झाडाला पडलेली भोकं बघायला धावलेल्या यँक्टन पोरांमध्ये मी सगळ्यांत पुढे असतो. तरीही वाचताना लक्ष जातं ते पंप मारणाऱ्याकडे, वायसर ओले करणाऱ्याकडे, ऐरणीकडे.

मोहीम संपल्यावर, जानेवारी १८०७ मध्ये, लुईसने युद्धमंत्री डिअरबॉर्न यांना माणसांची यादी पाठवली आणि काहींच्या नावापुढे शेरे लिहिले. शील्ड्सबद्दल त्याने कळवलं की याला फक्त साध्या शिपायाचा पगार मिळाला आहे. आमच्या बंदुका आणि सामान दुरुस्त करताना याचं कसब जेवढं उपयोगी पडलं तेवढं दुसरं काही पडलं नाही, आणि कारागीर म्हणून याला काही द्यावं असं वाटलं, तर त्याने ते नक्कीच कमावलं आहे. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ५ डॉलर होता.